भुऱ्याच्या अंगावरचे गोचीड

देऊळघाटाहून सकाळची पहिली गाडी, बुलढाण्याला दुसरी, मग घाट उतरून खाली आलं की फाट्यावर उतरायचं आणि तिथून दवाखान्यापर्यंत पायपीट. अब्दुल गनी एकतीस वर्षं हेच करत आले होते. आता निवृत्तीला सात महिने उरले होते आणि त्यांना वाटायला लागलं होतं, की घाट दर महिन्याला थोडा लांब होतोय. घाट कुठला लांब होतो! माणूस थकतो आणि खापर रस्त्यावर फोडतो.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. शब्द भारदस्त आहे. काम म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई देत असताना जनावर धरायचं आणि डॉक्टर नसताना लोकांची बोलणी खायची. डॉक्टर मॅडमकडे तीन दवाखान्यांचा भार होता, त्यामुळे या गावाच्या वाट्याला त्या आठवड्यातून दोन दिवस यायच्या. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे गनीभाई, औषधांचं एक कपाट आणि वीज असली तर चालणारा एक फ्रिज.

वडील नालबंद होते. मोताळ्याच्या, नांदुऱ्याच्या बाजारात बैल आडवा पाडून खुरांना नाल ठोकायचे. लहानगा गनी बैलाच्या डोक्याशी बसून त्याच्या कपाळावर हात फिरवायचा. वडिलांनी एकच शिकवलं होतं, जनावराजवळ घाई करायची नाही. त्या शिकवणीवर नोकरी लागली आणि निभली. पण ती बैलांची विद्या होती. कुत्र्यांशी गनीभाईंचं काही देणंघेणं नव्हतं. पुढे ट्रॅक्टर आले, बैल घटले आणि गेल्या दहा-बारा वर्षांत दवाखान्याच्या ओट्यावर कुत्री दिसायला लागली. कुणाचं राखणीचं गावठी, तर कुणाचं शहरातून आणलेलं केसाळ, मे महिन्यात हातभर जीभ काढून धापा टाकणारं. "याले कूलर लागते गनीभाई," मालक कौतुकाने सांगायचा. गनीभाईंच्या घरचा कूलर दोन उन्हाळे बंद होता, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

कुत्र्याची लाळ अंगाला लागली की नमाजाआधी धुणं आलंच. म्हणून पिशवीत कपड्यांचा एक स्वच्छ जोड कायम असायचा. संध्याकाळी घरी पोचले की त्यांची बायको ताहेरा दारातच बादली घेऊन उभी.

"आज कितने?" ती विचारायची.

"चार."

"मेरे हिस्से का पानी तुम्हारे कुत्ते ले जाते," असं म्हणून ती साबण पुढे करायची. रागावून म्हणायची की गमतीने, हे तिचं तिलाही कळत नसावं. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा.

या धुण्याचाही त्यांना तेवढा कंटाळा नव्हता. कंटाळा आला होता तो बोलण्याचा. तीच ती दहा-बारा वाक्यं. पिल्लाला वेळेवर सुया द्या. हगवण लागली तर घरी ताक पाजत बसू नका. आणि पाऊस सरून कपाशीवर फवारणी सुरू झाली की एक वाक्य सगळ्यांत जास्त वेळा म्हणायचं, "कपाशीचं औषध कुत्र्याले लावू नोका. ते किडीले मारते अन् कुत्र्यालेबी मारते." कारण त्याच दिवसांत कुत्र्यांच्या अंगावर गोचीड माजतात आणि पंपाच्या तळाशी चार बोटं औषध उरलेलं असतं. शेतकऱ्याचा हात उरलेलं फेकायला धजत नाही. किडा मेला, तर गोचीडही मरेल, एवढा सरळ हिशेब. लोक मान डोलवायचे. "हाव गनीभाई, बराबर हाय." आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करायचे. निदान गनीभाईंची तशी पक्की खात्री झाली होती.

त्या सोमवारी त्यांचा बांध फुटला.

गावातले किराणा दुकानदार शंकरराव सकाळीच टोपलीत पिल्लू घेऊन आले. काळंभोर, दोन महिन्यांचं, नांदुऱ्याच्या पाहुण्यांनी दिलेलं. दोन दिवस उलट्या, मग रक्ताची हगवण. टोपली उघडताच वास आला आणि गनीभाईंना न तपासता कळलं, की हा पार्व्हो आहे, पिल्लांची आतडी सोलणारा रोग. घरी दोन दिवस ताक आणि हळदीचं पाणी चाललं होतं. मॅडम त्या दिवशी होत्या. त्यांनी शीर शोधली, सलाईन लावलं, पण पिल्लाच्या अंगात काही उरलंच नव्हतं. अर्ध्या तासात ते टेबलावरच गेलं.

शंकरराव डोळे पुसत म्हणाले, "पह्यल्या सुईचं आधी काऊन नाही सांगतलं गनीभाई?"

गनीभाईंनी सांगितलं होतं. पिल्लू आणलं त्याच आठवड्यात दुकानात साखर घेताना सांगितलं होतं, आणि नंतर एकदा रस्त्यात गाडी थांबवून. ते शंकररावांकडे बघत राहिले. मग मागे जाऊन नळावर हात धुवायला लागले आणि धुता धुता त्यांनी मनाशी ठरवलं, बस. सात महिने राहिलेत. सांगितलं ते काम करायचं, विचारलं तेवढंच बोलायचं. एकतीस वर्षं घसा कोरडा केला, कुणाच्या कानात काही गेलं नाही. आजपासून कुणाला काही सांगायचं नाही.

त्याच दुपारी जनकाबाई आल्या.

जनकाबाई बुद्धविहाराजवळ राहायच्या. नवरा इंद्रभान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला कंपनीत. दोन एकर शेत होतं, तेही जंगलाला लागून. त्या भागात अस्वलाची भीती. मागच्या वर्षी बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, एका माणसाला अस्वलाने फाडलं होतं. तेव्हापासून बाया एकट्यादुकट्या तिकडे जात नसत, पण जनकाबाई जायच्या, कारण त्यांच्यापुढे भुऱ्या चालायचा. तांबूस रंगाचं साधं गावठी कुत्रं. झुडपात काही हललं की तो पाय रोवून असा भुंकायचा, की बाई तिथूनच मागे फिरायच्या. "माह्यं शेत त्याच्याच भरोशावर हाय," त्या म्हणायच्या, आणि ते शब्दशः खरं होतं.

"गनीभाई, गोचिडाचं औषध आलं का? कानात निस्ते गुच्छे झाले भुऱ्याच्या."

त्या तिसऱ्यांदा विचारत होत्या. आधी दोनदा गर्दीत "नाही आलं" एवढंच सांगून झालं होतं. वरून पुरवठा आला नव्हता.

"नाही आलं. पुढच्या हप्त्यात पाहाजा," गनीभाई म्हणाले.

जनकाबाई जरा थांबल्या. दरवर्षी या वेळी गनीभाई बरंच काही बोलायचे, त्याची वाट बघितल्यासारख्या. गनीभाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्यात डोकं घातलं. बाई गेल्या.

शुक्रवार उजाडला. बाराच्या सुमारास गनीभाईंनी हातपाय स्वच्छ धुतले, पिशवीतला पांढरा सदरा-पायजमा चढवला, टोपी घातली. जुम्याच्या नमाजाला गावातली मशीद पाच मिनिटांवर होती. दाराला कडी लावत होते तेवढ्यात जनकाबाईंच्या शेजारच्या अविनाशचा मालवाहू ऑटो अंगणात शिरला. मागे जनकाबाई बसलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर पोत्यात भुऱ्या.

तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. सगळं अंग थडथडत होतं, मागचे पाय लुळे, हगवण लागलेली. गनीभाईंनी पापणी उघडून बघितली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. आणि केसांना तो वास, जो या दिवसांत साऱ्या शिवारात असतो.

"काय लावलं याले?"

"अविनाशच्या पंपात उरलं होतं," जनकाबाई म्हणाल्या. "फडक्यानं पुसलं सकाळी. मंग त्यानं चाटलं."

गनीभाईंनी आपल्याकडे बघितलं. अंगावर धुतलेले पांढरे कपडे होते. मशिदीतून अजान झाली होती. आणि सोमवारची दुपार, ते उघडलेलं रजिस्टर, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. त्यांनी टोपी काढून पिशवीत ठेवली आणि बाह्या वर केल्या.

"आधी तुह्ये हात धुव बाई, साबण लावून, कोपरापर्यंत. हेच औषध तुह्याबी अंगात जाते. अविनाश, बादली भर."

हातमोजे संपले होते. त्यांनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि फोन खिडकीत ठेवून मॅडमला लावला. मॅडम बुलढाण्याला बैठकीत होत्या, तरी बाहेर येऊन त्यांनी एकेक करून सांगायला सुरुवात केली. अंग साबणाने धुवा, केसांच्या मुळापर्यंत, तीन-चार पाण्यांनी. कुशीवर ठेवा, मान खाली, लाळ श्वासात जाऊ देऊ नका. विषाच्या उताऱ्याचं अ‍ॅट्रोपिन किती आहे? कपाटात सहा कुप्या होत्या. वजन अंदाजाने सांगा. इतकी आता द्या, तोंड कोरडं पडतं का बघा, नाही पडलं तर परत.

गनीभाईंनी सुई दिली. वाट बघितली. लाळ थांबेना. परत दिली. अविनाशला मॅडमनी फोनवर चिठ्ठी पाठवली आणि तो आणखी कुप्या आणायला मोताळ्याला पळाला.

मग दवाखान्यात ते दोघं आणि भुऱ्या एवढेच राहिले. नमाज सुटून लोक रस्त्याने घरी गेले. सहावी कुपी दिली तेव्हा लाळ कमी झाली, श्वास मोकळा झाला, जनकाबाईंनी हात जोडले. पण वीस मिनिटांत तोंडाला परत पाणी सुटायला लागलं. विष अंगात होतंच, औषधाचा जोर सरत होता आणि ऑटोचा पत्ता नव्हता. गनीभाई फरशीवर बसून भुऱ्याची मान हातात धरून लाळ पुसत राहिले. पांढऱ्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं. दुखरे गुडघे भरून आले होते. त्यांना मनापासून वाटलं, की हे कुत्रं मेलं तर आपण उद्यापासून इथे येऊ शकणार नाही.

ते स्वतःला समजावत होते. आपण सोमवारी सांगितलं असतं तरी काय झालं असतं? शंकररावांना दोनदा सांगून काय झालं? लोक ऐकत नाहीत. बाईने हेच केलं असतं. हे त्यांनी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी त्यावर त्यांचाही विश्वास बसला.

"गनीभाई," जनकाबाई हळूच म्हणाल्या, "उद्या कापूस येचाले जाचं हाय. हा नसला तं मी नाही जाऊ शकत."

"माहीत हाय," गनीभाई म्हणाले.

अविनाश आला तेव्हा भुऱ्याचा श्वास घुरघुरायला लागला होता. वाटेत ऑटोचं चाक बसलं होतं. गनीभाईंनी बोलण्यात वेळ घालवला नाही. कुपी फोडली, सुई भरली, दिली. मॅडमना फोन, परत एक. मॅडमनी आणखी एक औषध आणायला लावलं होतं, विष सुटायला मदत करणारं, तेही सलाईनमधून हळूहळू गेलं. शीर मात्र गनीभाईंना पहिल्याच फटक्यात सापडली, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे घाई न केल्यामुळे. चार वाजता तोंड कोरडं पडलं ते पडलंच. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या. साडेचारला थरथर ओसरली. पाचच्या सुमाराला भुऱ्याने मान उचलली, जनकाबाईंचा पदर हुंगला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात दोन पायांवर, मग चार पायांवर उभा राहिला. जनकाबाई रडायलाच लागल्या.

"वाचलं बे!" अविनाश ओरडला. "गनीभाई, तुमी तं डॉक्टरच्या वर झाले!"

जीव भांड्यात पडला, की माणसाला राग आठवतो. गनीभाईंचं तसंच झालं. दुपारभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"वाचलं म्हणते! आजची रात्र याले नजरेखाली ठेवा लागते, उद्या सकाळी पुन्हा आणा लागते, सुई संपली म्हणजे इलाज संपला नाही. अन् कायले आली ही पाळी? तीस वर्षं झाले मी बोंबलून राह्यलो या गावात. तीस वर्षं! एक माणूस ऐकत नाही माह्यं. इकडून ऐकाचं, तिकडून सोडून द्याचं. भिंतीसंग बोललो असतो तं भिंत तरी सुधारली असती."

अविनाशने मान खाली घातली, कारण पंप त्याचा होता. जनकाबाई मात्र बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"मी तं ऐकते नं भाऊ," त्या म्हणाल्या.

"काय ऐकते?"

"सगळंच. पिल्लू दीड महिन्याचं झालं का पह्यली सुई, मंग मॅडम सांगतीन तवा दुसरी, अन् तवरोक रस्त्यावर सोडाचं नाही. तीन महिन्याले पिसाळीची सुई, मंग दरसाली. जंताची गोळी चुकवाची नाही. खरजेले गाडीचं काळं ऑइल लावाचं नाही. गोचीड चिमट्यानं ओढून काढाचा, बोटानं चिरडाचा नाही. निजाच्या जागच्या फटी झाडाच्या, पोतं उन्हात टाकाचं. कुत्रं सुस्त पडलं, जेवलं नाही, हिरड्या पांढऱ्या झाल्या तं गोचिडाचा ताप समजाचा अन् दवाखान्यात आणाचं." बाई एकेक बोट दुमडत सांगत होत्या, आणि गनीभाईंना कळलं, की त्या फक्त शब्द नाही, आपला सूरही म्हणताहेत. "सहा वर्षं झाले भुऱ्याले. एक सुई चुकली का त्याची? पाहा रजिस्टरात."

गनीभाईंना रजिस्टर बघायची गरज नव्हती. चुकली नव्हती.

"मंग हे कपाशीचं काऊन लावलं?" त्यांनी विचारलं, पण आवाजातला जोर गेला होता.

जनकाबाईंनी पदर सावरला. त्यांना गनीभाईंना दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"दरसाली तुमी म्हणता, कपाशीचं औषध लावू नोका. पाच वर्षं नाही लावलं. हा अविनाश दरसाली म्हणते, लाव मावशी, काही होत नाही. मी म्हणो, नाही, गनीभाई नाही म्हणते. यंदा तीनदा आली मी तुमच्याकडं, तुमी काही बोललेच नाही. मले वाटलं, नवीन औषध आलं असन. आता चालत असन. चालत नसतं तं गनीभाई बोलले असते."

अविनाश मान डोलवत म्हणाला, "हाव, असंच म्हणली मावशी सकाळी. गनीभाई यंदा काही बोलले नाही, म्हणे."

गनीभाई स्टुलावर बसले. हातांना अजून त्या पिशव्या बांधलेल्या होत्या. एकतीस वर्षं ते समजत होते, की आपलं बोलणं वाऱ्यावर जातं. ते जात नव्हतं. शंकररावांसारखे विसरत असतील, पण कुठे कुठे ते इतकं पक्कं बसलं होतं, की ते न ऐकू आल्याचंही कुणाच्या लक्षात आलं. आणि नेमकं त्याच वर्षी ते थकले. त्यांना आपली लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आत कुठेतरी, कबूल करायला नको वाटावं इतकं, बरंही वाटलं.

"चूक माह्यी हाय, जनकाबाई," ते म्हणाले. "मी त्या दिवशी रागात होतो. तुह्यावर नाही. तरी तुलेच भोगा लागलं."

"जाऊ द्या भाऊ. जनावर वाचलं."

भुऱ्या त्यांच्याजवळ आला आणि त्याने गनीभाईंच्या गुडघ्याला नाक लावलं. सदऱ्यावर आता लाळेला नवी जागा उरलीच नव्हती.

अविनाशने ऑटो चालू केला. दोघांनी मिळून भुऱ्याला वर चढवलं, जनकाबाई त्याच्याशेजारी बसल्या. गनीभाई ऑटोच्या दांडीला धरून उभे राहिले. पाच-पन्नासची गाडी फाट्यावरून जायची वेळ झाली होती. ती गेली तर पुढची साडेसातला, आणि बुलढाण्याहून देऊळघाटासाठी काही मिळेल की नाही याचा भरवसा नाही. ताहेरा बादली भरून वाट बघत बसेल.

"ऐक जनकाबाई," ते म्हणाले. "कपाशीचं औषध कुत्र्याले लावू नोका. ते किडीले मारते अन् कुत्र्यालेबी मारते."

जनकाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"हाव," त्या म्हणाल्या. "आता कसं बोलले."

ऑटो गेला. अंगणात कुणीच नव्हतं. मग गनीभाईंनी हातांच्या पिशव्या सोडल्या आणि नळ सुरू केला. फाट्यावरून गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा ते दुसऱ्यांदा साबण लावत होते.